नक्षी नको, माप घ्या: नाशिकच्या गल्ल्यांतून मराठी संकेतस्थळ कसं घडवावं

नाशिकमध्ये काम करणाऱ्या वेब डिझायनरला बघण्यासारख्या गोष्टींची वाण नाही. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा आहे, जिल्ह्यातच येवल्याला पैठणीचे माग आहेत आणि गावाबाहेर पडलं की द्राक्षबागा सुरू होतात. चूक होते ती उचलण्यात. बघितलेली नक्षी जशीच्या तशी पानावर चिकटवली जाते: कोपऱ्यात मोर, फोटोभोवती कमान, मागे कळसाची सावली. अशा पानावर मोर लगेच दिसतो, दुकानाची वेळ मात्र शोधावी लागते.

म्हणून इथे एकच आग्रह आहे. वस्तूची नक्षी घेऊ नका, तिचं माप घ्या. काठ किती रुंद आहे, हातोडीचे ठोके किती अंतरावर पडलेत, ओटा कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं, हे सगळं पडद्यावर नेता येतं आणि ते उसनं वाटत नाही.

पद्धत नीट कळावी म्हणून एक ठरावीक प्रकल्प धरू: तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिराच्या कामावर एक मराठी पान. गिऱ्हाइकाने सांगितलेलं काम नव्हे, स्वतःच्या कामाच्या संग्रहासाठी केलेलं. रोज दीड-दोन तास दिले तर चार आठवडे पुरतात: पहिला मोजण्यात, मधले दोन रंग, मांडणी आणि अक्षरांत, शेवटचा तपासणीत. एका पानाच्या स्थिर संकेतस्थळाला गिटहब पेजेससारखी फुकट जागा चालते, खर्च होतो तो फक्त नावाच्या नोंदणीचा.

पहिला आठवडा: टेप घेऊन फिरणं

पिशवीत मोबाइल, पाच मीटरची टेप, ग्रे कार्ड (फोटोतला रंग जुळवायचं राखाडी कार्ड), ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल आणि वही एवढंच असू द्या. ग्रे कार्डाऐवजी पांढरा झेरॉक्स कागद वापरला जातो, पण त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं असतात. त्यामुळे तो किंचित निळा दिसतो आणि तांब्याचा रंग उगाच पिवळट मोजला जातो.

जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत ऊन फक्त मध्यान्हीला खाली उतरतं. तेव्हा फोटो काढू नका. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान गल्लीत सगळीकडे सारखी सावली असते, तीच रंगासाठी चांगली. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो घ्या: पूर्ण वस्तू, हातभर अंतरावरून, आणि वीतभर अंतरावरून. तिसऱ्या फोटोत टेप दिसलीच पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर ठोका पाच मिलिमीटरचा होता की बाराचा हे कळत नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करा. तसं न केल्यास प्रत्येक फोटोत फोन स्वतःच उजेड बदलतो आणि दोन फोटोंतला रंग जुळत नाही.

तांबं आरशासारखं असतं. तुम्ही लाल शर्ट घालून समोर उभे राहिलात की भांड्याच्या पोटात लाल पट्टा येतो. त्या दिवशी पांढरा किंवा राखाडी शर्ट घाला. चिंच-मिठाने नुकतंच घासलेलं भांडं गुलाबी झाक देतं, काही दिवसांनी तेच तपकिरीकडे झुकतं. दोन्ही खरे रंग आहेत, पण पानासाठी त्यातला एक निवडावा लागतो.

वहीत एका वस्तूला एक पान द्या. वर ठिकाण आणि वेळ, मध्ये तीन मापं, खाली एका वाक्यात त्या वस्तूचा नियम. मठार केलेल्या, म्हणजे हातोडीने ठोके उमटवलेल्या, तांब्यासाठी तो नियम असा लिहिता येईल: ‘ठोक्यांच्या ओळी तळाच्या मध्यापासून गोल बाहेर जातात, आणि प्रत्येक ठोका शेजारच्यावर थोडा चढतो.’ हे एक वाक्य पन्नास फोटोंपेक्षा उपयोगी पडतं, कारण पुढे कोड लिहिताना तेच लागतं.

कारागिराला विचारल्याशिवाय त्याचा, हातांचा किंवा भट्टीचा फोटो घेऊ नका. फोटो कुठे वापरणार हे मराठीत दोन ओळींत लिहून सही घ्या आणि प्रत त्यालाही द्या. रामकुंडावर स्नान करणाऱ्यांचे, दशक्रियेला बसलेल्यांचे फोटो संग्रहात नकोतच. तिथलं बघायचं असेल तर घाटाच्या पायऱ्या मोजा.

नदीकाठी गेलातच तर दुतोंड्या मारुतीपाशी थोडं थांबा. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरून गाव पुराचा अंदाज घेतं. फुटाचा आकडा कोणी विचारत नाही. गुडघे, कंबर, छाती एवढं पुरतं. पडद्यावर माप दाखवताना हीच युक्ती वापरा. ‘क्षमता २.५ लिटर’ लिहा, पण शेजारी नेहमीचा पाण्याचा पेला त्याच प्रमाणात काढा. भांडं केवढं आहे हे आकड्याआधी डोळ्याला कळतं.

रंग

फोटोतून रंग उचलताना चकाकीवरचा किंवा सावलीतला ठिपका घेऊ नका. मधल्या उजेडातले पाच ठिपके घ्या आणि सरासरी काढा. समजा तांब्याचा रंग आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांत) १८४, ११५, ५१ आला. पांढऱ्यावर तो सुंदर दिसतो, पण त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, सुमारे ३.८ भरतो. वाचनाच्या मजकुराला किमान ४.५ लागतो, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३ चालतो. म्हणजे हा रंग मोठ्या शीर्षकाला ठीक, किमतीला किंवा फोन नंबरला नाही. तोच रंग १४०, ८०, ३० पर्यंत गडद केला की कॉन्ट्रास्ट ६.४ च्या आसपास जातो आणि तांबं तांबंच राहतं.

दुसरा रंग शोधताना द्राक्षबागेकडे बघा. बागेत फवारतात ते बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचं असतं, आणि फवारलेल्या पानांवर निळसर पांढरी झाक बसते. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. भांड्यावरचा लाल आणि वेलीच्या पानावरचा निळा असे एकाच धातूचे दोन रंग हाताशी येतात, आणि ते नाशिकचेच आहेत. दुव्यांसाठी आणि बटणांसाठी ३८, ९२, १४० इतका गडद निळा घेतला तर त्यावर पांढरी अक्षरं सुमारे ७ च्या कॉन्ट्रास्टने उठतात. मजकुराला काळ्या दगडाचा रंग घ्या, ४३, ४२, ४०. निव्वळ काळ्यापेक्षा तो मवाळ आहे आणि पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट १४ च्या वर राहतो. चार रंग झाले, पाचव्याची गरज नाही.

किती जागा कोणत्या रंगाला, हे पैठणीवरून मोजा. साडी सपाट अंथरा आणि टेप लावा. उदाहरणार्थ, पन्हा (रुंदी) ४५ इंच, दोन्ही बाजूंना चार-चार इंचांचा काठ, साडेपाच मीटर लांबीत एक मीटर पदर. हिशेब केला तर अंग जवळजवळ ६७ टक्के, पदर १८ आणि काठ १५ टक्के भरतो. पानावर अंग म्हणजे पांढरी पार्श्वभूमी आणि मजकूर, पदर म्हणजे एकच ठळक, रंगाने भरलेला भाग, काठ म्हणजे रेषा, दुवे, बटणं. पदर एकाच टोकाला असतो, हे विसरू नका. प्रत्येक विभागाला गडद पट्टी दिली की सगळ्या पानाचाच पदर होतो आणि नजर कुठेच थांबत नाही. काठाची रुंदी साडीगणिक बदलते, म्हणून हातात असलेली साडी मोजा, इथले आकडे उचलू नका.

पानाची मांडणी: ओटा, देवडी, चौक

जुन्या वाड्यात अनोळखी माणूस ओट्यावर बसतो. तो आत न येता निरोप देतो, पाणी पितो, निघून जातो. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, आत आलेला देवडीत, दारालगतच्या जागेत, थांबतो. चौकात येतो तो घरचा किंवा कामाचा. पान याच क्रमाने लावा. ओट्यावर, म्हणजे मोबाइलच्या पहिल्या पडद्यात, न सरकवता चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय घडवतात, कुठे, कधी उघडं असतं, फोन कुठे लावायचा. देवडीत सहा ते आठ भांड्यांचे फोटो, नावं आणि मापं. चौकात कामाची रीत: पत्रा कापणं, ठोकून आकार देणं, जोड, मठार, आणि स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई. आत येणाऱ्याला वेळ असतो, त्याच्यासाठी मजकूर लांब चालतो.

वरच्या पडद्यात आपोआप सरकणारे फोटो ठेवू नका. पहिलाच फोटो दिसेपर्यंत माणूस निघून जातो, आणि फिरत्या फोटोवर बोट ठेवलं की भलतंच पान उघडतं.

मोकळी जागा किती सोडावी हा प्रश्न नेहमी येतो. गोदाघाट जलरंगात रंगवणाऱ्या नाशिकच्या शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांची कामं त्यासाठी बघावीत. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवता सोडलेला कागद. पानावरही फोटोभोवती किमान २४ पिक्सेल आणि दोन विभागांमध्ये ६४ ते ९६ पिक्सेल मोकळे ठेवा.

मठारीचा पोत हवाच असेल तर फोटो वापरू नका, तो दोन-दोन एमबीचा होतो. इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत साधनात वहीतल्या मापाने एक लंबगोल काढा, दुसरी ओळ विटांसारखी अर्ध्या अंतराने सरकवा आणि ४८ बाय ४८ पिक्सेलचा एसव्हीजी (रेषांनी साठवलेल्या चित्राचा) तुकडा करा. तो ५ केबीच्या आत बसतो. अपारदर्शकता (ओपॅसिटी) ६ ते ८ टक्केच ठेवा, जास्त झाली की वरची अक्षरं थरथरल्यासारखी वाटतात. तुकड्यांमध्ये बारीक रेघ दिसली तर त्याची रुंदी अपूर्णांकात आहे असं समजा. ती पूर्ण पिक्सेलवर आणली की रेघ जाते.

देवनागरी: खरी मेहनत इथे

मराठी पान बिघडतं ते बहुतेक वेळा अक्षरांत. सुरुवात पानाच्या भाषेपासून करा. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये ‘लँग’ला ‘एमआर’ ही किंमत द्या. ती न दिल्यास नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. भाषा कळली की मराठी वळण येतं. सगळ्या फॉन्टमध्ये ही सोय नसते, म्हणून फॉन्ट निवडण्याआधी ‘लाल शाल’ हे दोन शब्द मोठ्या आकारात टाकून बघा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळण धरूनच केलेला आहे आणि लांब मजकुराला शोभतो. बटणं, किमती, तक्ते यांना मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट चांगला. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

मजकूर १८ पिक्सेलचा, ओळींमधलं अंतर १.६५ ते १.८. इंग्रजीसाठी चालणारं १.४ इथे चालत नाही, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. ३६० पिक्सेल रुंद मोबाइलवर दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल सोडले की एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात, ते वाचायला बरं. मोठ्या पडद्यावर मजकुराची रुंदी ६५० पिक्सेलपुढे जाऊ देऊ नका.

‘लेटर-स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच असावं. अर्धा पिक्सेल वाढवला तरी शिरोरेषा तुटते आणि शब्द दातऱ्या करवतीसारखा दिसतो. पांडवलेण्यांतले ब्राह्मी लेख बघितलेत तर अक्षरं सुटी, डोक्यावर रेषा नसलेली दिसतात. तिथे अंतर वाढवलं तर काही बिघडलं नसतं. आपल्या आजच्या लिपीला डोक्यावर छप्पर आहे, ते तोडायचं नाही. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर उभीच अक्षरं वाकवतो. ठळकपणा हवा असेल तर ७०० वजन (अक्षराची जाडी) वापरा. दुव्याखालची रेघ उकारांना कापत असेल तर ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ ०.२५ ते ०.३ एम (अक्षराच्या आकाराच्या पटीत) देऊन रेघ खाली सरकवा.

शीर्षकाच्या डोक्यावरची मात्रा किंवा रफार कापलेला दिसला तर फॉन्टला दोष देऊ नका. तिथे चौकटीबाहेरचं लपवणारं ‘ओव्हरफ्लो हिडन’ आणि कमी ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) एकत्र आलेले असतात. शीर्षकाला १.३ पेक्षा कमी देऊ नका.

फॉन्टची फाइल देवनागरीत जड असते, कारण जोडाक्षरांची रूपं शेकड्यांनी असतात. दोनच वजनं घ्या, ४०० आणि ७००. फाइल छाटून हलकी करताना युनिकोडमधला (प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) देवनागरीचा यू+०९०० ते यू+०९७एफ हा पट्टा ठेवा, रुपयाच्या चिन्हासाठी यू+२०बी९ ठेवा आणि न दिसणारी दोन चिन्हं, यू+२००सी आणि यू+२००डी, हीसुद्धा ठेवा. शेवटची दोन गळली की काही मजकुरांत ‘दऱ्या’मधला अर्धा र रफार होऊन भलतीकडे जातो. छाटणीच्या साधनात जोडाक्षरांचे नियम राखण्याचा पर्याय चालू आहे ना, तेही तपासा. तो बंद असेल तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ पाय मोडलेले दिसतात.

आकडे एकाच पद्धतीचे हवेत. जावास्क्रिप्टमध्ये आकड्यांच्या रचनेला ‘एमआर-आयएन’ दिलं की १२,३४,५६७ असे देवनागरी आकडे लाख-हजारांच्या स्वल्पविरामासह येतात. फोन नंबर देवनागरीत दाखवला तरी मागच्या दुव्यात नंबर इंग्रजी आकड्यांतच द्या, नाहीतर कॉल लागण्याची खात्री नाही.

गिऱ्हाइकाकडून येणारा मजकूर

दुकानाची माहितीपत्रकं आणि पत्रिका बहुधा छापखान्यात कोरलड्रॉवर, श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत केलेल्या असतात. तो मजकूर युनिकोड नसतो. सरळ चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. रूपांतरकातून काढल्यावरही चार जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात: ऱ्हस्व वेलांटी योग्य अक्षरावर आहे का, रफार एक अक्षर पुढे सरकलाय का, ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ नीट आलेत का, आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम बसलाय का. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ दिसायला सारखे, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चंही तसंच. ते एक अक्षर म्हणून लिहिलंय की ‘अ’वर चंद्र ठेवून, हे सगळ्या पानावर एकसारखं करून घ्या.

पानाचा पत्ता रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की अनेकदा प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हं होतात. ‘तांबट’मध्ये पाच युनिकोड चिन्हं आहेत, म्हणजे पंचेचाळीस चिन्हांची शेपटी. गिऱ्हाइकाला तो दुवा फसवा वाटतो.

चौथा आठवडा: तपासणी

फोटो वेबपी किंवा एव्हिफ या हलक्या फाइल-प्रकारांत, १२०० पिक्सेल रुंद, गुणवत्ता ७५ च्या आसपास. प्रत्येक फोटोला रुंदी आणि उंची लिहून द्या, नाहीतर फोटो उतरताना मजकूर खाली उडी मारतो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते. पहिला मोठा फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. बटणाची उंची ४४ पिक्सेल ठेवा. भांडी घासून आलेल्या ओल्या बोटालाही ते सापडलं पाहिजे.

व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर दिसणारं चित्र वेगळं बनवा: १२०० बाय ६३०, ३०० केबीच्या आत, आणि कामाचं सगळं चौकटीच्या मध्यात, कारण काही ठिकाणी त्याचा चौकोन कापून दाखवतात. त्यावर अक्षरं पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत.

हा प्रकल्प तुमच्या संग्रहात मांडताना फक्त शेवटचं पान दाखवू नका. वहीचं पान, टेपसकट काढलेला तांब्याचा फोटो, साडीच्या मापाचा हिशेब आणि मग पडदा, असा क्रम लावा. पैसे देणारं गिऱ्हाईक यातून तुमची रीत बघतं. पुढे त्याचं काम घ्याल तेव्हा नावाची नोंदणी त्याच्याच नावाने आणि त्याच्याच ईमेलवर करा, अर्धी रक्कम आधी घ्या, आणि मजकूर कोण देणार, कधी देणार, हे दरपत्रकातच लिहा. बहुतेक कामं रखडतात ती मजकुरासाठी. द्राक्षबागायतदाराकडे काढणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, मजकूर मागत बसू नका. त्याआधीच घेऊन ठेवा.

प्रसिद्ध करण्याआधी पान एकदा कारागिराच्याच फोनवर, गल्लीत, दुपारी बारा वाजता उघडा. उन्हात फिकट राखाडी मजकूर नाहीसा होतो, पातळ रेषा दिसत नाहीत आणि १६ पिक्सेलची किंमत चष्म्याशिवाय वाचता येत नाही. जे तिथे दिसलं नाही ते गडद करा, मोठं करा, आणि दुरुस्त पानाचा दुवा शेवटी प्रश्नचिन्ह आणि एक आकडा जोडून पाठवा, म्हणजे व्हॉट्सॲप साठवलेलं जुनं चित्र न दाखवता नवं आणतं.